एक्केचाळीस पूर्ण, बेचाळिसावं चालू

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक वही करा. पाळीची तारीख, गोळ्या, सुया, कसं वाटतंय, सगळं लिहीत जा. नवी वही आणायचा कंटाळा, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमधलं एक जुनं हजेरीपुस्तक उचललंय. त्यात रकाने आहेत: तारीख, विद्यार्थी, शेरा. विद्यार्थी आता मीच.

तर विद्यार्थ्याची माहिती. वय एक्केचाळीस पूर्ण, बेचाळिसावं चालू. कालच वाढदिवस झाला. अठरा वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. लग्न उशिरा केलं. मूल नाही. हवंय. फार हवंय. हे इथे लिहून टाकते, कारण तोंडाने मी सगळ्यांना ‘झालं तर झालं’ असंच सांगते.

डॉक्टरीणबाईंनी आज एक आलेख दाखवला. खाली वय, बाजूला शक्यता. पस्तिशीपर्यंत रेघ बऱ्यापैकी वर असते, मग उतार लागतो, आणि चाळिशीनंतर जो काही उतार आहे तो मी कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्या गिअरमध्येच उतरायला सांगितला असता. माझा पाय टेबलाखाली आपोआप दाबला गेला. शिकवायच्या गाडीत माझ्याही बाजूला ब्रेक असतो, त्यामुळे पायाला सवय आहे. इथे ब्रेक नव्हता, टेबलाचा पाय होता. अंगठा अजून दुखतोय.

त्यांनी सौम्य पद्धत सुचवली. कमी औषधं, कमी सुया, एक-दोन बीजं मिळाली तरी चालतील असा बेत. म्हणाल्या, “तुम्हाला भरमसाट औषधं देऊन बीजं काही भरमसाट मिळणार नाहीत. त्रास तेवढा भरमसाट होईल.”

मी विचारलं, “म्हणजे सौम्य केलं की बीजं चांगली निघतात?”

“बीजाचं वय तुमच्याएवढंच. ते कुठल्याच औषधाने कमी होत नाही. सौम्य म्हणजे शरीराला सौम्य. वयाला नाही.”

मला अशी माणसं आवडतात. मी आकडा मागितला. तुमच्या वयाच्या दहा जणींनी एकेकदा प्रयत्न केला, तर बाळ घेऊन घरी जाते एखादीच, असं म्हणाल्या.

परत येताना नवरा म्हणाला, “दहात एक. अगदीच वाईट नाही गं.” तो लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांशी बंद दाराबाहेरून बोलायचा त्याचा एक खास आवाज आहे, हवा भरपूर आहे, काळजी करू नका, मी इथेच आहे, असा. तोच आवाज त्याने माझ्यावर वापरला. मी म्हटलं, मी अडकलेली नाहीये, पुढे बघून चाल.

ठरलं ते असं: दोनदा करायचं. तिसऱ्यांदा नाही. माझ्या जिवाची तयारी तेवढीच आहे. आणि सासूबाईंना काही सांगायचं नाही. सहा वर्षांत त्यांनी मुलाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. त्यांना नातवंडांची हौस नसावी.

९ फेब्रुवारी

आज एक नवी विद्यार्थिनी आली. तिशीच्या आसपासची, हडकुळी, अत्यंत हुशार चेहऱ्याची. स्टिअरिंगवर हात ठेवले आणि ते थरथरायला लागले. थरथरायला म्हणजे काय, किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. ताशी आठच्या वेगाने आम्ही मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. शेजारून एक आजोबा काठी टेकत पुढे निघून गेले. मी तिचं नाव ठेवलंय मुंगी.

गाडी कशाला शिकायची, तर रविवारी सकाळी कामावर जावं लागतं आणि तेव्हा बस नसते. लॅबमध्ये आहे म्हणाली. “रविवारी कसली गं लॅब?” तर म्हणे, “आमची कामं वार बघत नाहीत, मॅडम.” दूध किंवा पाणी तपासत असेल.

मी म्हटलं, “या हातांनी तू काचेची भांडी उचलतेस? फुटत नाहीत?”

ती लाजली आणि म्हणाली, “अजून तरी नाही.”

१८ फेब्रुवारी

गोळ्या संपल्या, सुया सुरू. एक दिवसाआड, संध्याकाळी सातला, ठरलेल्या वेळी. सुई नवरा देणार होता. दहा मजले खोल खड्ड्यावर दोरीला लटकणारा माणूस, सुईचं झाकण काढलं आणि पलंगावर बसला. पांढराफटक. मी आधी त्याला पाणी दिलं, मग स्वतःच पोटात टोचून घेतली. तेवढं काही नाही. मुंगी क्लच सोडते तेव्हा याहून जास्त दुखतं.

सुया फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. मी डब्यावर ‘व्हिटॅमिन’ असं लिहून तो दाराच्या कप्प्यात ठेवला. सासूबाई आज सहज म्हणाल्या, “तुझा तो व्हिटॅमिनचा डबा मी आतल्या फळीवर सरकवलाय. दार सारखं उघडतं, तिथे नीट गार राहत नाही.” त्यांना वस्तू जागच्या जागी लागतात. बाकी हल्ली त्या बरोब्बर पावणेसातला फिरायला जायला लागल्यात, त्यामुळे आमचं काम सोपं झालंय. नशीब म्हणायचं.

२२ फेब्रुवारी

सोनोग्राफी. बीजाच्या पिशव्या वाढताहेत त्या दोन. मी विचारलं, अजून दोन-चार दिवस थांबलं तर एखादी वाढेल का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ही काही मंडई नाही.” आम्ही दोघी हसलो. मग त्या गंभीरपणे म्हणाल्या की दोन आहेत तर दोनवर खूश व्हा.

मी खूश आहे. दोन हा चांगला आकडा आहे.

२६ फेब्रुवारी

काल बीजं काढली. पडद्यामागे पलंग, आणि भिंतीत एक छोटी सरकती खिडकी. तिच्यापलीकडे त्यांची प्रयोगशाळा. तिथून टोपी आणि मास्क घातलेलं कोणीतरी माझ्याकडे बघून चटकन मागे सरकलं. मग मला झोप लागली.

उठले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक पिशवी रिकामी निघाली. एक बीज मिळालं.

आज सकाळी फोन आला. ते बीज पुरतं तयार नव्हतं. त्यातून काही झालं नाही. या वयात असं होतं, तुमची काही चूक नाही, असं म्हणाल्या.

मी नवऱ्याला सांगितलं आणि तोंडावर उशी दाबून रडले. खूप रडले. तो नुसता शेजारी बसून राहिला. लिफ्टचा आवाज नाही वापरला. त्याचाही आवाज बसला होता.

२८ फेब्रुवारी

कामावर गेले. घरी बसून करणार काय.

मुंगीची गाडी आज सात वेळा बंद पडली. माझ्याकडे बघतच नव्हती. शेवटी गाडी कडेला घेऊन म्हणाली, “मॅडम, तुम्ही आज आराम करायला हवा होता.” आता हिला काय माहीत! माझं तोंडच तसं सुजलं असणार. मी म्हटलं, “माझं सोड, तू आरशात बघ.” तिने आरशात पाहिलं. डोळे तिचेही लाल होते. बिचारीचं घरी काहीतरी बिनसलं असेल. मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय नाही.

घरी आले तर सासूबाईंनी माझी अंथरुणं-पांघरुणं उन्हात घालून ठेवली होती, आणि जेवायला वाढताना दोनदा पाठीवरून हात फिरवला. वय झालं की माणसं हळवी होतात.

१९ मार्च

तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण काही झालं नाही. शरीराला एक महिना सुट्टी आहे. मुंगी तिसऱ्या गिअरपर्यंत पोचली. तिसरा पडला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी. स्टिअरिंग मी धरलं.

५ एप्रिल

पुन्हा गोळ्या. शेवटची खेप. यावेळी मनात काहीच धरायचं नाही असं ठरवलंय, आणि ठरवल्यापासून बाळाचं नाव काय ठेवायचं हाच विचार चाललाय.

सासूबाईंचं फिरायला जाणं मधे बंद झालं होतं, ते आजपासून परत सुरू झालं. पावणेसातलाच. हवापाण्याचा परिणाम असेल.

१४ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

सकाळी आठला पलंगावर पडले. यावेळी तीन पिशव्या होत्या. भूल द्यायच्या आधी ती सरकती खिडकी उघडली आणि आतून आवाज आला, “तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.”

तो आवाज मी दोन महिने ऐकतेय. ‘मॅडम, ट्रक येतोय’ असं म्हणणारा आवाज.

मी उठूनच बसले. “मुंगी?”

पलीकडे मास्कवरचे डोळे गोल झाले. नर्स म्हणाली, आडव्या व्हा. मी म्हटलं, होत नाही. माझी पाचावर धारण बसली होती. ज्या हातांनी दोन महिन्यांत माझा क्लच जाळत आणला, ते हात माझ्या बीजाला सुई लावणार? माझ्या शेवटच्या बीजाला?

डॉक्टरीणबाई आल्या. शांतपणे म्हणाल्या, “तिने मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं की ती तुमच्याकडे शिकते. तुमच्याशी याबद्दल बोलायची तिला परवानगी नाही. तुम्हाला नको असेल तर मी दुसऱ्या कोणाला बोलावते. तासभर लागेल, तेवढा वेळ आहे.”

“मागच्या वेळीही हीच होती?”

“हो.”

मी खिडकीकडे बघितलं. म्हटलं, “मुंगी, हात दाखव.”

तिने दोन्ही हात खिडकीतून पुढे केले. हातमोजे घातलेले. बोटं पसरलेली. मी बघत राहिले. नर्सही बघत राहिली. एवढीशी हालचाल नाही. भिंतीला टेकवून ठेवल्यासारखे हात.

“मग गाडीत काय होतं तुला?”

“इथे समोरची गोष्ट जागची हलत नाही, ताई,” ती म्हणाली. मॅडम नाही, ताई म्हणाली. “रस्त्यावर सगळेच हलतात.”

“आणि मागच्या वेळचं?”

“ते बीज कच्चं होतं. मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. हाताने करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.” मग म्हणाली, “असतं तर केलं असतं.”

विद्यार्थी खोटं बोलतो तेव्हा मला कळतं. सराव केला म्हणून सांगतात आणि पहिल्याच वळणाला पितळ उघडं पडतं. ही खोटं बोलत नव्हती.

मी नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली. आडवी झाले. म्हटलं, “मुंगी, सावकाश कर. मागून कोणी हॉर्न देत नाहीये.”

ती मास्कमधून हसली, एवढं आठवतंय.

बीजं मिळाली दोन. दोन्ही पक्की.

१७ एप्रिल

दोन्हींनी जीव धरला होता. एक दुसऱ्या दिवशी थांबलं. एक पुढे गेलं, आणि आज ते माझ्यात ठेवलं. पाच मिनिटांचं काम. पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसला. नवरा म्हणाला, “एवढंच?” मी म्हटलं, “तू पण एवढाच होतास.”

आता दोन आठवडे वाट बघायची. डॉक्टरीणबाईंनी निघताना परत आकडा सांगितला, दहात एक. मी म्हटलं, पाठ आहे.

२५ एप्रिल

डाग पडला. सकाळीच.

संपलं.

२६ एप्रिल

ठीक आहे. दोनदा म्हटलं होतं, दोनदा केलं. रक्ततपासणी एकोणतीसला आहे, पण कशाला उगीच सुई टोचून घ्यायची? मी जाणार नाही. नवऱ्याला सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. आम्ही एकमेकांना आहोत. हे मी उगीच लिहीत नाही, खरंच आहोत. पण मला हवं होतं. त्याच्या कानांचं, माझ्या नाकाचं कोणीतरी हवं होतं मला.

२७ एप्रिल

आज पेट्रोल पंपावर वासाने मळमळलं. अठरा वर्षं त्या वासात काढली, आजच काय झालं कळत नाही. भेसळ असणार. पंपवाल्याला चांगलं झापलं.

दुपारी गाडीतच झोप लागली. विद्यार्थ्याला तसंच बाहेर उभं राहावं लागलं. आणि संध्याकाळी टीव्हीवर पंख्याची जाहिरात बघून रडू आलं. पंख्याची! दुःख असं कुठूनही बाहेर पडतं.

२८ एप्रिल

मुंगीचा क्लास. ती चौथ्या गिअरमध्ये होती, मी सांगून टाकलं, डाग पडला, मी उद्या येणार नाही. तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गाडी सफाईने कडेला घेतली, न्यूट्रल, हँडब्रेक, सगळं क्रमाने. अठरा वर्षांत इतकं सुरेख पार्किंग मी पाहिलेलं नाही. मग माझ्याकडे वळली.

“ताई, मला तुमच्या केसबद्दल बोलता येत नाही. पण कुणाबद्दलही एवढं तरी बोलता येतं. डाग पडला म्हणून काही ठरत नाही. ठरतं ते तपासणीत. तुम्ही मला काय शिकवलंत? समोर दिसलं नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे असं धरायचं नाही.”

“ते वळणाबद्दल शिकवलं.”

“हेही वळणच आहे.”

माझेच शब्द माझ्या गळ्यात! मी म्हटलं, गाडी चालव. पण जाईन म्हणून कबूल केलं.

२९ एप्रिल

लागलं.

लागलं लागलं लागलं.

नर्सने रक्ततपासणीचा आकडा सांगितला, मी म्हटलं परत सांगा. तिने परत सांगितला. नवऱ्याला फोन केला तेव्हा तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात होता. फोन उचललेला मदतनीस वरून ओरडला, “साहेब, वर या!” तर हा खालूनच ओरडला, “आधी सांग काय झालं!” मग मदतनिसानेच ओरडून सांगितलं. सगळ्या इमारतीला कळलं.

सासूबाईंना मी सांगायला गेले. शब्दांची जुळवाजुळव करत होते. म्हटलं, “आई, ते व्हिटॅमिन…”

त्या म्हणाल्या, “अगं, व्हिटॅमिनला सुई नसते.”

 त्या फेब्रुवारीपासून ओळखून होत्या. रोज पावणेसातला खाली जाऊन बाकावर बसायच्या, आम्हाला घर मोकळं मिळावं म्हणून. गुडघे दुखत असताना. मी विचारलं, मग सहा वर्षं कधी काही बोलला का नाहीत?

“तुला बोलणारे कमी होते का?” म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला.

मी किती मूर्ख आहे हे या वहीत आता लिहून ठेवते. शेरा: विद्यार्थी आरसे बघत नाही.

१९ मे

सोनोग्राफी. ठोके आहेत. फार जोरात, घाईत कुठेतरी निघाल्यासारखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या वयात अजून धोका आहे, बारा आठवडे होईपर्यंत जपून.” मला त्यांचा रागच आला. मग वाटलं, ह्याच बाईने मला पहिल्या दिवसापासून एकदाही फसवलेलं नाही.

नवऱ्याने पडद्याकडे बोट करून विचारलं, “हे असं एवढं जोरात चालायचंच का?” मशीन बिघडलंय की काय अशी त्याला शंका.

११ जून

मुंगी परीक्षेत पास झाली. पहिल्या झटक्यात. परीक्षक म्हणाले, जरा हळू चालवते, पण हात स्थिर आहेत. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले आणि हसले.

२४ जून

काल बारा आठवडे झाले, तपासणी झाली, सगळं जागच्या जागी आहे. डॉक्टरीणबाई स्वतःहून म्हणाल्या, “आता थोडं हसायला हरकत नाही.” मी म्हटलं, किती थोडं? तर त्या माझ्याआधी हसल्या. तारीख दिली आहे पाच जानेवारी.

परत येताना फाटकापाशी पुढचं जोडपं आत शिरताना दिसलं. बाई माझ्याच वयाची असावी. मला तिला थांबवून सगळं सांगावंसं वाटलं. मग आठवलं, दहा जणींत एक. माझ्यासारखं कोणाला तरी मिळालं, म्हणजे नऊ जणींना नाही मिळालं. गप्प राहिले. मनातून मात्र तिच्यासाठी जे काही मागायचं ते मागितलं.

२ जुलै

शिकवण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती, म्हणून आज नूतनीकरणाला गेले. खिडकीतला कारकून कागद बघून म्हणाला, “पाच वर्षांनी परत या.”

मी विचारलं, “असं किती वेळा करता येतं?”

“साठ पूर्ण होईपर्यंत. साठावा वाढदिवस आला की परवाना बंद.”

“त्यानंतर अजिबात नाही?”

“अजिबात नाही. कितीही ओळख काढा.”

मी तिथेच बोटांवर मोजायला लागले. बाळ येणार पाच जानेवारीला. गाडी शिकायला अठरा पूर्ण लागतात. म्हणजे अठरा वर्षांनंतरची पाच जानेवारी. त्या दिवशी मी एकोणसाठची. साठ पूर्ण होणार तीन फेब्रुवारीला. पाच ते तीन. मागचे ओरडायला लागले. कारकून म्हणाला, “बाई, सगळे खोळंबलेत. एवढं काय मोजताय?”

“एकोणतीस दिवस मिळतात,” मी म्हटलं.

“कशाला?”

“माझा एक विद्यार्थी यायचा आहे.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं. काही कळण्याएवढं अजून दिसत नाही. तरी त्याने शिक्का जरा सावकाश मारला असं मला वाटलं.

घरी येईपर्यंत परत परत मोजून बघितलं. आमचा अभ्यासक्रम चार आठवड्यांचा. अठ्ठावीस दिवस शिकवायला, एक दिवस परीक्षेला. पुरतात.